खोडरबर कोणाच्या हातात?

(यंदाच्या गणेशोत्सवात बालचित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे.)





चित्रकलेवर बोलायला खरं तर एखादा चित्रकार हवा होता. ठरलेले पाहुणे तब्येतीमुळे येऊ शकत नाहीत असा परवा फोन आला आणि कार्यकारिणीची नजर माझ्याकडे वळली. "तुम्ही ड्रॉइंगवालेच ना?" असं सेक्रेटरी म्हणाले. मी ड्रॉइंगवाला आहे हे खरं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलो त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि त्यातला बराच काळ नकाशांच्या सहवासात गेला. पण आमच्या ड्रॉइंगमध्ये माणसाच्या धडावर हत्तीचं डोकं बसवायचं झालं, तर आधी जोडाचं डिझाइन लागेल आणि मग तीन साहेबांच्या सह्या.

तरीही मी हो म्हणालो. त्याचं कारण असं की मला आज याच व्यासपीठावरून एक कबुली द्यायची आहे.

गोष्ट २०१६ सालची. त्या वर्षी आपल्या स्पर्धेसाठी चित्रं घरून काढून आणायची होती. विषय नेहमीचाच, 'आमचा गणपती'. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं दोन संध्याकाळ पालथं पडून चित्र काढलं. गणपती आमच्या क्वार्टरच्या गॅलरीतल्या कठड्यावर पाय सोडून बसलेला. कान सुपाएवढे. आणि खाली उंदीर, तोही म्हशीएवढा. मी हसलो. म्हटलं, "अगं, उंदीर एवढा मोठा असतो का?" ती म्हणाली, "बाबा, ते त्याचं वाहन आहे ना? मग बसायला मोठं नको?"

आता पाहा, वाहनाची क्षमता भारापेक्षा जास्त हवी, हे वॅगनच्या बाबतीत मी रोज तपासतो. पण घरी तेच लेकीनं सांगितलं तेव्हा मला कळलं नाही. मी पट्टी घेतली, कागदाच्या मध्यावर एक रेघ मारली, गणपती त्या रेघेवर आणून बसवला, दोन्ही कान सारखे केले, आणि उंदीर खोडून कॅलेंडरवर असतो तसा, पायाशी लाडू धरून बसलेला काढला. लेक शेजारी उभी राहून पाहत होती. माझं झाल्यावर तिनं माझ्या हातातला खोडरबर घेतला आणि कोपऱ्यात लिहिलेलं स्वतःचं नाव खोडून टाकलं.

मला वाटलं, अक्षर वाकडं आलं म्हणून खोडलं असेल. मी ते सुबक अक्षरांत परत लिहिलं. त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. नाव पुकारलं तेव्हा ती आईच्या मागे लपली आणि बक्षीस मीच जाऊन घेतलं. तुमच्यापैकी काहींनी त्या वेळी टाळ्याही वाजवल्या असतील. त्यानंतर तिनं स्पर्धेत भाग घेतला नाही. चित्र मात्र मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

मी असं का केलं? वाईट हेतूनं नक्कीच नाही. मला चित्रकला तशीच शिकवली गेली होती. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. धानाच्या बांध्या, तलाव आणि मोहाची झाडं यांचा तो मुलूख. पण शाळेत 'निसर्गचित्र' म्हटलं की आम्ही सगळे एकच चित्र काढायचो. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. खरं सांगतो, आठवीपर्यंत मी नारळाचं झाड प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. आणि रोज ज्याच्या खाली खेळायचो तो मोह मी एकदाही काढला नाही. तो काढायचा असतो हेच कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या. इथल्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो, महाराष्ट्रात शाळकरी मुलांसाठी चित्रकलेच्या या दोन सरकारी परीक्षा असतात. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आता त्यांवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. या सगळ्यामागे मोठी परंपरा आहे. मुंबईला १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि १८९३ साली तिथे चित्रकलेचे शिक्षक तयार करण्याचं काम सुरू झालं. हाताला आणि डोळ्याला वळण लावणं हे या शिक्षणाचं मोठं उद्दिष्ट होतं. त्या वळणावर माझं पोट चाललं आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. भूमितीच्या त्या पेपरामुळेच मला पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग सोपं गेलं.

पण एक फरक मला फार उशिरा कळला. माझ्या नकाशावरची रेघ कोणी मारली हे कळता कामा नये. खड्गपूरच्या वर्कशॉपमधल्या माणसानं ती वाचली काय किंवा नागपूरच्या माणसानं वाचली काय, तिचा अर्थ एकच निघाला पाहिजे. १६७६ मिलिमीटर म्हणजे १६७६ मिलिमीटर. तिथे मारणाऱ्याचा स्वभाव रेघेत उतरला तर गाडी घसरेल. मुलाच्या चित्रातली रेघ बरोबर उलटी असते. ती कोणी मारली हे कळलं नाही, तर ती मारून उपयोग काय? मी माझ्या ऑफिसातला नियम घरात लावला, एवढाच माझा अपराध. पण तो लहान नव्हता.

हे मला शिकवलं एका शिकाऊ शिक्षिकेनं, माझ्या पुतणीनं.

माझ्या थोरल्या भावाची ती मुलगी. २०१८ साली ती ए. टी. डी. करत होती. ए. टी. डी. म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, चित्रकलेचा शिक्षक होण्यासाठीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आमच्या घराण्यात डिप्लोमावाले आता दोन झाले असं मी तिला चिडवायचो. दिवाळीच्या सुट्टीत ती गीतांजलीनं गोंदियाहून आमच्याकडे आली. हॉलमध्ये पाऊल टाकताच तिचं लक्ष त्या फ्रेमकडे गेलं.

"काकाजी, हे कोणी काढलं?"

"कोणी म्हणजे? हिनंच. पहिलं बक्षीस आहे."

तिनं जवळ जाऊन पाहिलं आणि हळूच म्हणाली, "उंदीर तिचा नाही."

मी काही बोललो नाही. रात्री जेवणं झाल्यावर ती गॅलरीत माझ्याशी बोलत बसली. दूर गोदीतल्या क्रेनचे दिवे दिसत होते. तिनं मला तिची गोष्ट सांगितली. आठवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेसाठी तिनं आठवडी बाजाराचं चित्र काढलं होतं. शिक्षक भले गृहस्थ, शाळेचं नाव व्हावं ही त्यांची तळमळ. त्यांनी रात्री बसून ते चित्र 'नीट' केलं. माणसांना चेहरे दिले, पालांना सावल्या दिल्या. चित्राला तालुक्यात पहिला क्रमांक मिळाला. घरच्यांनी पेढे वाटले. प्रमाणपत्रावर तिचं नाव होतं आणि चित्रात तिचं काही उरलं नव्हतं. ते प्रमाणपत्र तिनं कधी कोणाला दाखवलं नाही. आईच्या पेटीत जुन्या साड्यांच्या खाली घालून ठेवलं.

"मग तू चित्रकलेचीच शिक्षिका व्हायला का निघालीस?" मी विचारलं.

"बारावीला मार्क कमी पडले. सगळे म्हणाले, चित्रं बरी काढतेस, शाळेत लागशील. आणि मलाही वाटलं, निदान मी तरी कोणाचं चित्र असं नीट करणार नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "पण काकाजी, मी सोडून देणार आहे. सराव पाठ सुरू झालेत. पाठ टाचण मला लिहिता येतं, फळ्यावर सुरेख काढता येतं. पण आठवीपासून मी स्वतःसाठी एकही चित्र काढलेलं नाही. परीक्षेसाठी काढते. स्वतःसाठी कागद घेतला की सरांचा हात दिसतो. ज्याला पोहता येत नाही त्यानं काठावर उभं राहून पोहायला शिकवायचं का?"

मी इंजिनिअर माणूस, मला यावर काय उत्तर सुचणार? आपल्या हाताशी पास असतो आणि गाड्यांचं वेळापत्रक पाठ असतं. म्हटलं, उद्या शांतिनिकेतनला जाऊन येऊ. जिच्या नावाच्या पुस्तकाची गाडी तुला इथवर घेऊन आली, त्या कवीचं गाव तरी पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी हावड्याहून शांतिनिकेतन एक्स्प्रेसनं आम्ही चौघं निघालो.

इथे थोडं विषयांतर वाटेल, पण ते गरजेचं आहे. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन सुरू केलं आणि नंदलाल बसूंनी पुढे अनेक वर्षं ते सांभाळलं. नंदलालबाबूंचा जन्म १८८२ साली खड्गपूरला झाला. रेल्वेतल्या मंडळींनी लगेच छाती फुगवू नये. ते आपलं वर्कशॉपवालं खड्गपूर नव्हे, बिहारातल्या मुंगेर जिल्ह्यातलं. पण त्यांचं एक नातं आपल्या महाराष्ट्राशीही आहे. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून तिथली सजावट त्यांनी बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून केली होती. आणि माझ्या बंगाली मित्रांना तर त्यांची ओळख करून द्यायला नको. १९३० साली निघालेल्या 'सहज पाठ'मधली चित्रं नंदलालबाबूंची. बंगालमधली मुलं अक्षरांबरोबर ती चित्रं वाचत मोठी झाली.

या नंदलालबाबूंचे गुरू अवनींद्रनाथ ठाकूर. दोघांमधला एक प्रसंग अवनींद्रनाथांनी स्वतःच आठवणींत सांगितला आहे. नंदलालनी तपश्चर्या करणाऱ्या उमेचं चित्र काढलं आणि गुरूंना दाखवायला आणलं. अवनींद्रनाथांना वाटलं, चित्रात रंग कमी आहे, उमेला थोडं सजवायला हवं. त्यांनी तसं सांगितलं. शिष्य चित्र घेऊन गेला. रात्री गुरूंना झोप लागेना. आपण हे काय सांगून बसलो? नंदलालनं उमा पाहिली ती अशी, कठोर तपानं कृश झालेली. तिथे दागिने आणि रंग कुठून येणार? पहाट होताच ते धावत नंदलालकडे गेले. नंदलाल रंग घेऊन बसण्याच्या बेतातच होते. गुरूंनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की तुझी उमा आहे तशीच बरोबर आहे.

मित्रहो, केवढा मोठा माणूस आणि केवढी मोठी माघार! ते एका रात्रीत जागे झाले. मला जागं व्हायला दोन वर्षं लागली, तीही पुतणीनं हलवल्यावर.

हा प्रसंग मी गाडीत पुतणीला सांगितला. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. कलाभवनात पोचल्यावर आम्ही 'कालो बाडी' पाहिली. मातीची काळी इमारत, भिंतींवर उठावाची चित्रं. १९३०च्या दशकात नंदलाल, रामकिंकर बैज आणि विद्यार्थ्यांनी मिळून ती घडवली. मातीचं काम पावसात टिकावं म्हणून वर डांबराचा हात दिलेला. मी अर्थातच आधी डांबराकडे पाहिलं. पुतणीनं पाहिलं ते वेगळंच. ती म्हणाली, "काकाजी, इथे गुरू आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर काम करत होते. म्हणजे सर स्वतः काढत होते. विद्यार्थी त्यांना काढताना बघत होते."

मी म्हटलं, "मग?"

"आमच्या सरांना मी त्यांच्या स्वतःच्या कागदावर काढताना कधीच पाहिलं नाही. ते फक्त आमच्या कागदावर काढायचे."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. पुढे वाचनात आलं की नंदलालबाबूंना साध्या पोस्टकार्डावर चित्रं काढून विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना पाठवायची सवय होती. दिसलेलं झाड, जनावर, वाटेनं जाणारा माणूस, असं काहीही. शिकवण्याचा हाही एक प्रकारच म्हणायचा. मी काय पाहिलं ते तुला दाखवतो, तू काय पाहिलंस ते तू काढ. त्यांच्या हाताखाली अगदी सुरुवातीला शिकलेल्यांत महाराष्ट्रातून आलेले विनायक मासोजी होते, तेही पुढे तिथेच शिक्षक झाले. विनोदबिहारी मुखर्जी होते. त्यांची नजर लहानपणापासून अधू. अशा मुलाला चित्रकलेला घ्यावं का, अशी शंका निघाली तेव्हा रवींद्रनाथांनी त्याला शिकू द्यावं असा कौल दिला. १९५७च्या सुमारास विनोदबिहारींची उरलीसुरली दृष्टीही गेली. तरी त्यांनी कागदाच्या कातरकामातून चित्रं केली, १९७२ साली टाइल्सचं भित्तिचित्र केलं आणि ते शिकवतही राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. ज्याला समोरचं दिसत नाही त्याला विचारावंच लागतं. आपल्याला डोळे आहेत, म्हणून आपण मुलाला विचारत नाही. आपल्याला दिसलंच आहे असं धरून चालतो.

त्या दुपारी पुतणीनं पिशवीतून वही काढली आणि झाडाखाली तासभर काहीतरी काढत बसली. माझी लेक सातविणीची पानं गोळा करत तिच्याभोवती फिरत होती. काय काढलं ते पुतणीनं दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही. तेवढी अक्कल मला तोवर आली होती.

जानेवारीत तिचा फोन आला. तिचा एक सराव पाठ झाला होता. पाचवीचा वर्ग, पन्नासच्या वर मुलं. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले. विषय तिनं ठेवला होता 'माझी शाळेची वाट'. तिनं सुरुवातीलाच सांगितलं, जे वाटेत नाही ते काढायचं नाही. नारळ दिसला असेल तरच नारळ. वर्ग हसला आणि कामाला लागला.

एका मुलानं सबंध कागदभर कोळशासारखा काळपट त्रिकोण भरला होता. बाकी काही नाही. घर नाही, रस्ता नाही, शाळा नाही. निरीक्षक उठून तिकडेच येत होते. शिकाऊ शिक्षिकेनं मार्गदर्शन केलं की नाही, हे ते पाहणार. ती म्हणाली, "काकाजी, माझ्या हातात खोडरबर होता. एका बाजूला शाळा आणि एक वाट काढून दिली असती तर चित्र झालं असतं. मला सरांची तळमळ पहिल्यांदा कळली. त्यांचा हात का पुढे झाला असेल तेही कळलं." मग तिनं खोडरबर मुठीत धरला आणि त्या मुलाजवळ बसून विचारलं.

"हे काय आहे रे?"

"तूस आहे मॅडम. मिलच्या मागचं."

"आणि शाळा?"

"ढिगाच्या बाजूनं जावं लागते. अजून आली नाही."

"वाटेत कोणी माणूस नाही का?"

"आई आहे ना. पलीकडून घमेलं भरते. इकडून दिसत नाही."

गोंदियाकडे राईस मिल पुष्कळ आहेत आणि भाताच्या तुसाचे ढीग घराएवढे असतात, हे इथल्या मंडळींना सांगायला हवं. तो पोरगा रोज त्या ढिगाला वळसा घालून शाळेत येत होता आणि ढिगापलीकडे त्याची आई होती. जी दिसत नाही ती त्यानं काढली नव्हती. पण सगळा कागद तिच्यामुळेच भरला होता.

पुतणीनं त्याच्या कागदाला हात लावला नाही. तिनं स्वतःच्या कागदावर कोळशाची कांडी आडवी धरून एक ढीग काढला. एका अंगाला हात हलका ठेवला की तिथे उजेड पडतो, हे करून दाखवलं. मुलानं पाहिलं, विचार केला आणि म्हणाला, "सकाळी ऊन इकडून येते." आणि त्यानं त्याच्या ढिगाची उजवी बाजू पुसून उजळ केली. तिचा कागद डाव्या बाजूनं उजळ होता. त्याचा उजव्या.

निरीक्षकांनी तिला त्या पाठाला साधारण गुण दिले. ती म्हणाली, देऊ देत. तिनं डिप्लोमा पुरा केला. आज ती एका शाळेत तासिकेवर शिकवते. पैसे सांगण्यासारखे नाहीत. चित्रकलेच्या शिक्षकाच्या कायम जागा किती निघतात हे आपल्याला माहीत आहे. पण दर रविवारी ती स्वतःसाठी एक चित्र काढते आणि कधीमधी त्यातलं एखादं पोस्टकार्डावर आमच्या पत्त्यावर येतं.

तुम्ही म्हणाल, मग मुलांना शिकवायचंच नाही का? वाटेल ते काढू द्यायचं? तसं नाही. यंदा मूर्ती ठरवायला आम्ही कालीघाटच्या पटुआपाड्यात गेलो होतो. नागपूरकरांना चितार ओळी आठवावी अशी ती जागा आहे. याच कालीघाटात एकोणिसाव्या शतकात पटुआ लोक यात्रेकरूंसाठी चित्रं रंगवून विकत. मुंबईच्या जे. जे. त शिकवलेले लॉकवूड किपलिंग यांनी त्यातली बरीच जमवली होती आणि त्यांचा मुलगा रुडयार्ड किपलिंग यानं १९१७ साली ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. ज्यांच्या रेघेचा एवढा मान झाला, त्यांच्या गल्लीत आज मातीच्या मूर्ती घडतात.

तिथे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माती मळत होता. मधूनच त्याचे आजोबा येऊन चिमटीत माती धरून पाहायचे आणि नुसती मान हलवायचे. मुलगा पुन्हा मळायला लागायचा. गवत बांबूला कसं बांधायचं, भेगा कशा बुजवायच्या, हे सगळं त्याला कडक शिस्तीत शिकावं लागणार. डोळे काढायला तर त्याला कितीतरी वर्षं थांबावं लागेल. आपल्याकडे पेणच्या कारखान्यांत डोळ्यांच्या त्या कामाला आखणी म्हणतात, इथे चक्षुदान म्हणतात, आणि दोन्हीकडे ते जाणत्या हाताचं काम. पण त्या मुलाच्या मागे फळीवर वीतभर मातीचा एक वाघ ठेवला होता. ओबडधोबड, एक डोळा वर, एक खाली. मी आजोबांना विचारलं, हा कोणी केला? ते म्हणाले, नातवानं. "डोळे तुम्ही नीट का नाही केलेत?" ते हसले आणि म्हणाले, "ओटा ओर बाघ." तो त्याचा वाघ आहे.

गिऱ्हाइकाच्या मूर्तीवर नातवाला हात लावू द्यायचा नाही आणि नातवाच्या वाघावर आपण हात लावायचा नाही. कधी शिकवायचं आणि कधी हात मागे घ्यायचा, याचं याहून सोपं सूत्र मला सापडलेलं नाही. माती कशी मळावी हे जरूर शिकवा. ब्रश कसा धरावा, रंगात पाणी किती घालावं, झाडाकडे नीट कसं पाहावं, हेही शिकवा. दाखवायचंच असेल तर स्वतःच्या कागदावर दाखवा. मुलाचा कागद मुलाचा राहू द्या.

म्हणून यंदा आपण स्पर्धेत काही बदल केले. चित्रं इथे मंडपात काढून घेतली आणि आईवडिलांना चहाला बाहेर पाठवलं. काहींना राग आला, त्यांची क्षमा मागतो. पट्टी घेऊन मीही बाहेरच होतो. प्रत्येक मुलाला "काय काढलंस?" असं विचारून त्याचं उत्तर चित्राच्या मागे लिहून घेतलं. एका चित्रात गणपतीला तीनच हात आहेत. मागे लिहिलं आहे, 'चौथ्या हातात मोदक आहे, तो पाठीमागे लपवला आहे.' दुसऱ्या एका चित्रात सिंहासन रिकामंच आहे. मागे लिहिलं आहे, 'रात्री लायटिंग बंद झालं की बाप्पा उतरून झोपतो.' विचारलं नसतं तर या दोघांना आपण शून्य गुण दिले असते. पुढच्या वर्षापासून आठ वर्षांखालच्या मुलांना क्रमांक न देता सगळीच चित्रं लावावीत, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.

आता शेवटचं. पुतणीचा तो फोन आल्यावर मी हॉलमधली फ्रेम उतरवली. चित्र बाहेर काढून दिव्याखाली तिरपं धरलं. मी लिहिलेल्या सुबक नावाखाली लेकीनं खोडलेलं तिचं वाकडं नाव अजून दिसत होतं. नकाशे करणाऱ्यांना हे माहीत असतं, रबरानं शिसं जातं पण दाब कागदात राहतो. मोठ्या उंदराची पाठही तशीच दिसत होती. मी लेकीला बोलावलं आणि चुकलो म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे बाबा. तुम्हाला बक्षीस मिळालं ना."

आज ती दहावीत आहे. चित्र काढत नाही. पण या वर्षी मुलांची उत्तरं कागदामागे लिहून घ्यायला कोणी तरी हवं होतं, तेव्हा ती आपणहून म्हणाली, मी बसते. तो मोदकही तिनंच लिहून घेतला आहे आणि झोपलेला बाप्पाही. तिच्यासमोर मुलांची रांग लागली होती आणि ती एकेकाला खाली वाकून विचारत होती. मी लांबून पाहत होतो. तिच्या हातात पेन्सिल होती. खोडरबर नव्हता.

बालमित्रांनो, आता तुमची बक्षिसं. एकच सांगतो. चित्राखाली आपलं नाव आपणच लिहायचं. वाकडं आलं तरी चालेल.

गणपती बाप्पा मोरया!